अंद्रेसाहेबांचे रिकामे ताट

मनुष्याने एखादे लहानसे कार्य हाती घेताना ते अखेरपर्यंत लहानच राहील, अशी हमी कोणाकडून तरी आधी घेऊन ठेवावी, असे माझे अनुभवांती मत बनले आहे. मी केवळ एका गृहस्थास एका शुक्रवारी दुपारी जेवावयास बोलाविले होते. त्यातून बहरीनच्या नईम वस्तीतील आमच्या इमारतीतील तीन स्वयंपाकघरांच्या शेगड्या एकाच वेळी पेटल्या, एक अखंड अरबी रोटी हवेतून प्रवास करून शेजारच्या गच्चीवर गेली, आणि मी परिश्रमपूर्वक पाठ केलेले इंग्रजी भाषण मला एका निद्रिस्त श्रोत्यापुढे करावे लागले. असे असूनही त्या दिवसाविषयी माझ्या मनात तक्रार नाही. का नाही, तेच येथे निवेदन करावयाचे आहे.

मी बहरीनच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर होतो. माझे शालेय शिक्षण सातव्या यत्तेत थांबले. वाचन मात्र थांबले नाही. त्या वर्षी कंपनीच्या कृपेने माझी पत्नी शेवंती व्हिजिट व्हिसावर मालवणाहून आली. विमानतळावर तिच्या हाती कपड्यांची एक पिशवी होती आणि मसाल्याचे, आमसुलांचे व कुळथाच्या पिठाचे मिळून तीन डबे होते. त्यावरून ती कोणत्या हेतूने आली आहे हे जाणत्या माणसाने ओळखावयास हवे होते. मी ओळखले नाही.

शेवंतीच्या माहेरी व सासरी जेवणाच्या पंक्तीला घरची माणसे कमी आणि बाहेरची जास्त, अशी रीत. येथे आल्यावर ती दोन माणसांचा भात शिजवू लागली. दोन माणसांचा भात शिजविणे हे तिच्या दृष्टीने स्वयंपाक करणे नव्हे, तर औषध उकळणे होय. माझे गाववाले कॅम्पमध्ये राहात. त्यांची शिफ्ट संपली की ते झोपत आणि झोप संपली की शिफ्टवर जात. वरच्या मजल्यावरील शरच्चंद्रराव पुण्याचे, बँकेत अकाउंटंट. ते व त्यांच्या पत्नी उल्काताई मासळीच्या वासानेदेखील खिडकी लावून घेत. तळमजल्यावरील जैनुद्दीन पिकअप चालवी. तो रत्नागिरीकडचा, आणि तो मात्र वारंवार जेवी. परंतु शेवंतीने त्यास पाहुणा मानण्यास साफ नकार दिला होता.

"जैनूभावजी पावणो कसलो?" ती म्हणे. "तो स्वताच टोपाचा झाकण उघडून बघता."

अखेर एका सायंकाळी तिने निर्णय ऐकविला. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि ती वाढवून घ्यावयाची की नाही, हे ठरवावयाचे होते.

"माका हयसर रवाक काय हरकत नाय," ती शांतपणे म्हणाली. "पण ज्या घरात कोण जेवक येणा नाय, ता घर न्हय, ती खोली. खोलीत रवाक मी कित्याक इलंय? ह्या शुक्रवारपर्यंत एक तरी माणूस माझ्या हातचा जेवान गेलो तर कागद वाढवा. नायतर तिकीट काढा."

ती रागावली असती तर मी समजूत घातली असती. परंतु ती लसूण सोलता सोलता बोलत होती, आणि लसूण सोलता सोलता शेवंतीने जे जे म्हटले आहे ते ते तिने केलेले आहे.

मुदतवाढीच्या अर्जावर आमच्या कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसचा शिक्का लागे. शिक्क्यामागे नजीब नावाचा कारकून बसे. तो बहरीनी, तरुण, आणि गिऱ्हाईक हिंदुस्थानी असेल तर हिंदीत बोलणारा. मी अर्ज घेऊन गेलो. त्यात एक रकाना होता: पत्नी राहणार की परत जाणार.

"लिखो," नजीब म्हणाला. "रहेगी या जाएगी?"

मी म्हणालो, "शुक्रवार के बाद मालूम पडेगा."

"शुक्रवार को क्या है?"

"मेहमान आएगा तो रहेगी. नहीं आएगा तो जाएगी."

नजीबने शिक्का उचलला होता तो खाली ठेवला. "फॉर्म में मेहमान का खाना नहीं है," तो म्हणाला. "क्या पकाएगी?"

"मछली."

"कौन सी मछली?"

"हामूर."

त्याने क्षणभर विचार केला. हामूर हा विषय बहरीनमध्ये कोणीही हलकेपणाने घेत नाही. "शनिवार को आओ," तो म्हणाला. "शनिवार लास्ट. उसके बाद खलास."

आता पाहुणा कोठून आणावयाचा? येथे अंद्रेसाहेबांचा प्रवेश होतो.

गोदीत एक मोठे पंप बसविण्याचे काम चालू होते, त्यासाठी चेकोस्लोव्हाकियाहून एक इंजिनियर आले होते. त्यांचे नाव ऑन्द्रेय. सर्वजण त्यांस अंद्रेसाहेब म्हणत. उंची साडेसहा फुटांच्या आतबाहेर, मिशा पिवळ्या. कोणी त्यांस "चेकसाहेब" म्हटले की ते हातातील पाना खाली ठेवीत आणि म्हणत, "आय नो चेक. आय स्लोवाक." हे ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की पुष्कळांस ते त्यांचे आडनाव वाटे. मला मात्र त्यांचे दुःख प्रथमपासून कळले. कारण बहरीनमध्ये मला सर्वजण बॉम्बेवाला म्हणत, आणि मी मालवणचा आहे हे ऐकून घेण्यास कोणास वेळ नसे. या समदुःखामुळे आमचा स्नेह जुळला. शिवाय त्यांचे इंग्रजी व माझे इंग्रजी एकाच ठिकाणी तुटत असल्यामुळे आम्हांस एकमेकांचे बोलणे उत्तम समजे. इंग्रज सुपरवायझर मध्ये आला की गोंधळ होई.

अंद्रेसाहेब दुपारी पत्र्याच्या डब्यातील सार्डिन उघडून एकटेच खात. त्या दिवशी माझ्या डब्याचा वास त्यांच्यापर्यंत गेला. मी धीर करून म्हणालो, "फ्रायडे, माय हाउस, यू कम, ईट." त्यांनी सार्डिनचा डबा बाजूस ठेवला, उजवा हात छातीवर ठेवला, आणि जणू एखाद्या तहावर सही करीत आहेत अशा गांभीर्याने म्हणाले, "आय कम."

मी घरी जाऊन ही वार्ता सांगितली. शेवंतीने पहिला प्रश्न विचारला, "तो किती जेवता?" मी त्यांची उंची हाताने दाखविली. तिच्या मुखावर कित्येक दिवसांनी तेज आले.

येथेच प्रकरण थांबते तर ते लहान राहिले असते. परंतु शरच्चंद्ररावांनी जिन्यात आमचे बोलणे ऐकले. शरच्चंद्ररावांस बँकेने एकदा व्हिएन्ना येथे प्रशिक्षणासाठी पाठविले होते, आणि तेथून ते बोटीने एका दिवसाकरिता ब्रातिस्लाव्हा नामक स्लोवाक नगरीस जाऊन आले होते. त्या एका दिवसाच्या बळावर ते आमच्या इमारतीत युरोपविषयक अंतिम अधिकारी मानले जात.

"अहो दत्ताराम, स्लोवाक माणूस घरी येतोय आणि तुम्ही नुसता भात टाकणार?" ते खुर्चीवर बसत म्हणाले. "त्यांचे शिष्टाचार असतात. दारात यजमानीणबाईंनी पाव आणि मीठ घेऊन उभं राहायचं. हे मुख्य. मग लगेच छोट्या ग्लासातून त्यांची आलुबुखाराची दारू. ग्लासाला ग्लास लावताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. नजर खाली गेली की अपमान! एका घोटात संपवायचं, आणि म्हणायचं 'ना झ्द्राव्ये'. मग सूप. सूपाशिवाय जेवण म्हणजे त्यांच्यात जेवणच नाही. आणि पहिल्या घासाआधी 'दोब्रू खुत्'."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपलं 'सावकाश होऊ द्या'."

शेवंती दारात उभी राहून ऐकत होती. "पाव आणि मीठ कित्याक?" तिने विचारले.

"स्वागत असतं ते, वहिनी. पाहुणा दारात आला की पाव-मीठ पुढे करायचं."

"पाव आणि मीठ दारात," शेवंतीने स्वतःशी म्हटले आणि मान डोलाविली. "ह्या आमच्यातय आसा." मी निश्चिंत झालो. तो निश्चिंतपणा पुढे मला महागात पडला.

दारूचा प्रश्न निराळा होता. नोकरी लागली त्या वर्षी मी गावच्या रवळनाथापुढे शब्द दिला होता की ओठास थेंब लावणार नाही. परवान्याच्या दुकानातून बाटली आणून केवळ पाहुण्यास द्यावी, तर डोळ्यांत डोळे घालून बरोबरीने पिण्याचा नियम आडवा येत होता. यावर शेवंतीने तोड काढली. आमसुलाचे आगळ, म्हणजे कोकमाचा मिठात मुरलेला घट्ट रस, ती कपड्यांच्या पिशवीतून बाटलीभर घेऊन आली होती. त्यात पाणी व साखर घालून सरबत करतात, वा नारळाच्या दुधात घालून सोलकढी. रंग पाहिला तर कोणत्याही दारूने लाजावे असा.

"पाणी घालायचं नाही हं," शरच्चंद्ररावांनी बजावले. "पाणी घातलेलं दिलं तर त्यांच्यात चिक्कू समजतात."

सूपाच्या जागी सोलकढी ठरली, तेव्हा मात्र शेवंतीने निषेध नोंदविला. "कढी आधी? मगे शेवटाक हात सुको घेऊन उठतलो काय तो?" अखेर आधीही व नंतरही सोलकढी, असा तह झाला.

मी त्या रात्रीपासून स्वागतपर भाषण तयार करण्यास लागलो. "रिस्पेक्टेड सर, टुडे इज गोल्डन डे फॉर माय पुअर हाउस," असा त्याचा प्रारंभ होता. ते मी गोदीत पंपाच्या आवाजात मोठ्याने म्हणत असे. तेथे ते फारच प्रभावी वाटे.

शुक्रवार उजाडला. जैनुद्दीनने बेकरीतून गरम खुबूस आणला. खुबूस म्हणजे येथील गोल, रुंद, चाकासारखी रोटी. पाव यापेक्षा मोठा मिळणार नाही असे त्याचे म्हणणे. शरच्चंद्रराव देखरेखीकरिता टाय बांधून खाली आले. अंद्रेसाहेब ठरलेल्या वेळी जिना चढून आले. एका हाती कागदात गुंडाळलेली बाटली, दुसऱ्या हाती तीन गुलाब. वर येताच त्यांनी सर्वप्रथम खाली वाकून बूट काढले. हे पाहून शेवंती माझ्या कानाशी पुटपुटली, "वळण आसा हां घरचा." शरच्चंद्रराव स्वतः बूट घालून आत उभे होते, ते हळूच बाहेर जाऊन पुन्हा आत आले.

मी घसा साफ केला. "रिस्पेक्टेड सर," मी म्हणालो. त्याच क्षणी शेवंती पुढे झाली. तिच्या उजव्या हाती खुबूस, त्यावर मिठाची चिमूट. अंद्रेसाहेबांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यांनी खुबूसचा तुकडा मोडून घेण्यासाठी हात पुढे केला.

वाचकांस सांगणे नलगे की आमच्याकडे लांबच्या प्रवासाहून वा नव्याने घरी आलेल्या माणसावरून दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकतात. वाटेत लागलेली दृष्ट, बाधा, सारे त्या तुकड्याबरोबर बाहेर जावे हा हेतू. दृष्ट काढावयाची तर मीठही हवेच. शेवंतीने पुढे आलेला हात प्रेमाने बाजूस केला, टाचा उंच केल्या, खुबूस अंद्रेसाहेबांच्या मस्तकाभोवती तीनदा फिरविला, आणि गॅलरीच्या कठड्यावरून सर्व शक्तीनिशी भिरकावून दिला. तो गोल गोल फिरत अरुंद गल्लीपलीकडे शेजारच्या गच्चीवर जाऊन पडला. तेथे वाळत घातलेल्या कपड्यांतून एक मांजर बाहेर आले.

अंद्रेसाहेब त्या दिशेने पाहात होते. त्यांच्या मिशीवर मिठाचे चार कण होते.

"खाण्यासाठी असतो हो तो!" शरच्चंद्रराव दबलेल्या आवाजात माझ्यावर खेकसले.

"असा कसा खातले?" शेवंती म्हणाली. "त्येच्यात सगळी दृष्ट नाय काय?"

अंद्रेसाहेबांनी मला गंभीरपणे विचारले, "धिस, इंडिया कस्टम?"

मी काय सांगणार? मी म्हणालो, "येस सर. व्हेरी ओल्ड." त्यांनी उजवा हात छातीवर ठेवून शेवंतीस किंचित वाकून अभिवादन केले, आणि ओठांवरील मीठ चाटून आपल्याकडील अर्धा विधी पुरा करून घेतला. त्यानंतर ते मोजे घातलेल्या पायांनी उंबऱ्याशी उभे राहिले आणि इकडेतिकडे पाहू लागले. त्यांच्या देशी यजमान पाहुण्यास घरात घालावयाच्या सपाता देतो, हे शरच्चंद्ररावांस आयत्या वेळी आठवले. घरात सपाता एकच होत्या, त्याही माझ्या आणि न्हाणीघरातल्या. अंद्रेसाहेबांची निम्मी टाच बाहेर राहिली. त्या घालून ते देवाच्या फळीच्या दिशेने निघाले, तेव्हा शेवंतीने "अगे आये!" असा उद्गार काढला आणि सपाता पुन्हा काढून घेतल्या. अशा रीतीने माझ्या घरात प्रवेश करताना त्या गृहस्थास एकदा जेवण दाखवून फेकण्यात आले आणि एकदा पादत्राण देऊन काढून घेण्यात आले. माझे भाषण अद्याप "रिस्पेक्टेड सर" येथेच होते.

गुलाबांची व्यवस्था मात्र उत्तम लागली: एक देवास, एक शेवंतीच्या अंबाड्यात, आणि एक तळमजल्यावर जैनुद्दीनची पत्नी नूरबानो हिच्याकडे. अंद्रेसाहेब बाटलीचा कागद सोडू लागले, तोच त्यांची दृष्टी तबकातील लहान ग्लासांकडे गेली. त्यांनी गडद लाल आगळ उजेडात धरून पाहिले आणि स्वतःची बाटली आदरपूर्वक परत पिशवीत ठेवली.

आम्ही ग्लासास ग्लास लावला. "ना झ्द्राव्ये!" शरच्चंद्रराव प्रसंगाचा ताबा घेत म्हणाले. मी अंद्रेसाहेबांच्या निळ्या डोळ्यांत पाहिले. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले. आम्ही ते एका घोटात संपविले.

निव्वळ आगळ ज्याने कधी घेतले नाही त्यास मी इतकेच सांगेन की माणसाच्या तोंडात जेवढ्या शिरा आहेत तेवढ्या त्या वेळी एकाच जागी गोळा होतात. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. परंतु नजर खाली जाता कामा नये हा नियम मी प्राणपणाने पाळला. समोरच्या डोळ्यांतूनही पाणी वाहात होते. दोन कर्ते पुरुष एकमेकांकडे रोखून पाहात रडत आहेत हे दृश्य पाहून उल्काताई जिन्यातूनच परत वर गेल्या. कोणाची तरी वाईट बातमी आली असावी, असा त्यांचा समज झाला.

"स्ट्राँग," अंद्रेसाहेब मिशा पुसून म्हणाले. "लाइक माय अंकल मेक." आणि त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला नाही.

मग जेवण. जमिनीवर चटई, समोर ताटे. अंद्रेसाहेबांनी आपले पाय निरनिराळ्या प्रकारे घडी घालून पाहिले. अखेर एक पाय माझ्या मांडीखालून पलीकडे गेला तेव्हा ते स्थिर झाले. सोलकढी, हामूरचे सार, तळलेली सुरमई, कोंबडी आणि वडे, भात. "दोब्रू खुत्!" आम्ही सर्वांनी एकस्वराने म्हटले. अंद्रेसाहेबांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले आणि पहिला घास घेतला.

ते फार सुरेख जेवले. वाटी पुसून घेतली, भाताचे शीतही ठेवले नाही. ताट आरशासारखे स्वच्छ झाले. आणि स्वच्छ ताट पाहताच शेवंतीने वाढले.

त्यांनी किंचित चकित होऊन पाहिले, आणि तेही संपविले. शेवंतीने पुन्हा वाढले.

आरंभी मी कौतुकाने पाहात होतो. परंतु चौथ्या वाढणीस माझ्या लक्षात आले की अंद्रेसाहेबांच्या कपाळावर घाम आहे आणि त्यांची चर्वणक्रिया मंदावली आहे. तरी ते थांबत नव्हते. वडा संपला की ताट रिकामे दिसे. ताट रिकामे दिसले की शेवंतीच्या काळजात धस्स होई आणि वडा पडे. त्यांनी सोलकढीचा पेला भरलेला तसाच ठेवून त्याकडे माझे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. शेवंतीस वाटले की कढी फुटली. तिने पेला उचलून दुसरा भरून ठेवला.

"उपाशी होतो हो बिचारो," ती स्वयंपाकघरातून मला म्हणाली. "ह्या माणसाक किती दिसात कोणी पोटभर वाढूक नाय. बघा, कसो पुसून खाता!"

"थंड देश आहे. आहार मोठा असतो त्यांचा," शरच्चंद्ररावांनी शास्त्रीय खुलासा केला.

आणि मग ती भयंकर घटिका आली. टोपाच्या बुडाला पळी लागल्याचा आवाज मी ऐकला. कोकणात घर जळाले तर माणसे सावरतात. परंतु पाहुणा जेवत असताना टोपात पळी वाजली तर त्या घरची बाई सावरत नाही. शेवंती मागच्या दाराने नूरबानोकडे गेली. थोड्याच वेळात रत्नागिरी पद्धतीचे कालवण व तांदळाच्या भाकरी वर आल्या. अंद्रेसाहेबांनी त्या संपविल्या. शरच्चंद्रराव घाईने वर गेले आणि मासळीच्या वासाने खिडकी लावणाऱ्या उल्काताईंनी वरणभात व साजूक तुपाची वाटी खाली पाठविली. अंद्रेसाहेबांनी वरणभाताकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बुडणारा मनुष्य किनाऱ्याकडे पाहतो, त्या नजरेची मला आता पूर्ण कल्पना आहे. "गुड," ते क्षीण स्वरात म्हणाले, आणि घास उचलला.

इमारतीत आता आणखी स्वयंपाकघर उरले नव्हते. शेवंतीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने मला आत बोलाविले. "संपला सगळा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी. "एक माणूस घराक इलो, आणि मी त्येका पुरा घालूक शकलंय नाय. तुमी तिकीट काढा."

मी बाहेर आलो तो जैनुद्दीन हात धुऊन माझ्या जागेवर बसला होता. "आमच्या घरचं कालवण इथं आलं, मग मी काय घरी बसून हवा खाऊ?" असे म्हणत त्याने ताट ओढून घेतले. त्यात मला वाढलेली नूरबानोची एक भाकरी व थोडे कालवण तसेच राहिले होते. तो जेवला. शेवंतीने सवयीने, रिकाम्या समजलेल्या टोपात सापडलेला शेवटचा वडा घेऊन त्याच्या ताटाकडे हात नेला, तशी जैनुद्दीनने दोन्ही हात पसरून ताटावर झाकण घातले आणि जवळजवळ ताटावर आडवा होत ओरडला, "पुरे वहिनी! पुरे! अल्ला कसम, पुरे!"

आणि शेवंती थांबली. चक्क थांबली, आणि हसली.

अंद्रेसाहेबांच्या हातातील घास तसाच राहिला. त्यांनी जैनुद्दीनकडे पाहिले, शेवंतीकडे पाहिले. नंतर त्यांनी आपले ते प्रचंड दोन्ही हात ताटावर पसरले, त्यावर छाती टेकली, आणि त्यांच्या घशातून एक आर्त शब्द बाहेर पडला:

"पुरे! वैनी! पुरे!"

शेवंतीच्या हातातून पळी खाली पडली. "मराठी बोललो!" ती म्हणाली. आणि आनंदाच्या भरात तो शेवटचा वडा त्यांच्या बोटांच्या फटीतून आत सरकवून दिला. कारण पाहुण्याच्या पहिल्या 'पुरे'स मान देणे म्हणजे वाढण्यात कसूर करणे होय.

मग खुलासा झाला. अंद्रेसाहेब भिंतीस टेकून, एकेक शब्द पोटाच्या परवानगीने काढीत म्हणाले, "माय होम, प्लेट एम्प्टी, मदर हॅपी. यू लीव्ह फूड, मदर क्राय."

मी म्हणालो, "माय होम, प्लेट एम्प्टी, वाइफ क्राय."

मग त्यांचे पोट आधी हलले आणि हसू नंतर आले. "माय मदर," ते डोळे पुसत म्हणाले, "अँड युअर वाइफ. वन किचन. गेस्ट, फिनिश." मी हे शेवंतीस भाषांतर करून सांगितले. ती पदर तोंडाशी लावून हसू लागली, हसता हसता म्हणाली, "त्येंच्या आवशीक सांगा, झील उपाशी नाय हयसर."

मी सांगितले, "टेल मदर, हर सन नो हंग्री हियर." अंद्रेसाहेब हसावयाचे थांबले. त्यांनी शेवंतीकडे पाहून मान लवविली. नंतर उठण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न केला, तो फसला, आणि ते जेथे होते तेथेच चटईवर आडवे झाले. पाहता पाहता त्यांस झोप लागली. त्यांचे घोरणे गोदीतील पंपासारखे होते. शेवंतीने त्यांच्या मानेखाली उशी सरकविली, पायांवर चादर घातली. चादर पोटऱ्यांपर्यंत पुरली. मग ती दाराच्या चौकटीस टेकून उभी राहिली. बाहेरच्या खोलीत पाहुणा जेवून झोपला आहे, जैनुद्दीन पान लावतो आहे, शरच्चंद्रराव कोपऱ्यात हळूच वरणभाताची वाटी चाटून पाहात आहेत. हे सर्व ती पाहात होती.

"आता घरासारख्या दिसता," ती म्हणाली.

मी भीत भीत विचारले, "आणि तिकीट?"

"कसला तिकीट? पुढच्या शुक्रवारी परत येतले ते. आणि त्या नजीबाकय सांगा. मासो विचारी होतो ना तो?"

माझे अंतःकरण भरून आले. भाषण वाया जाऊ नये म्हणून मी चटईशेजारी बसलो आणि ते आरंभापासून अखेरपर्यंत, हलक्या आवाजात, अंद्रेसाहेबांच्या घोरण्याशी जुळवून घेत म्हटले. "गोल्डन डे" या ठिकाणी त्यांनी कूस बदलली. एवढी दाद पुरेशी आहे.

शनिवारी नजीबने मला पाहताच विचारले, "हां या ना?"

"हां. रहेगी."

"मछली खलास?"

"सब खलास. चावल भी खलास."

त्याने शिक्का मारला. तो मारताना खोलीभर आवाज झाला. अर्ज परत देता देता त्याने दुसरीकडे पाहात विचारले, "अगले शुक्रवार, कितने बजे?"

त्यानंतर शेवंती बहरीनमध्ये किती वर्षे राहिली आणि कोण कोण जेवून गेले, तो विषय निराळा. परंतु एक प्रसंग सांगणे भाग आहे. काही आठवड्यांनी अंद्रेसाहेबांनी आम्हां उभयतांस जुफैर वस्तीतील आपल्या बंगल्यावर जेवावयास बोलाविले. बटाट्याच्या पिठाच्या लहान लहान गोळ्यांचा एक पदार्थ ते चीज घालून स्वहस्ते करणार होते. शेवंतीने यावेळी पूर्ण तयारी केली. शरच्चंद्ररावांकडून तिने पुन्हा सर्व समजून घेतले: दारात पाव-मीठ येईल, तो तुकडा मोडावयाचा, मिठास लावावयाचा आणि खावयाचा. फेकावयाचा नाही. वाटेत जैनुद्दीनच्या पिकअपमध्ये ती ते स्वतःशी घोकीत होती. माझ्या खिशात नवे भाषण होते.

अंद्रेसाहेबांनी दार उघडले. अंगात धुतलेला पांढरा सदरा. हातात स्वतः भाजलेला काळसर पाव, त्यावर मिठाची चिमूट. शेवंतीने लाजत, परंतु निश्चयाने, तुकडा मोडण्यासाठी हात पुढे केला.

अंद्रेसाहेबांनी तो हात हळुवारपणे बाजूस केला, तो पाव शेवंतीच्या मस्तकाभोवती तीनदा फिरविला, नंतर माझ्या मस्तकाभोवती तीनदा फिरविला, आणि मोठ्या अदबीने, सर्व शक्तीनिशी, भिंतीपलीकडे भिरकावून दिला. मग उजवा हात छातीवर ठेवून ते शेवंतीकडे पाहू लागले. बरोबर झाले ना, असे विचारीत.

शेवंतीचा हात अजून पुढेच होता. तिने तो मागे घेतला, दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर मोडून त्यांच्यावरून अलाबला काढली आणि मला म्हणाली, "चला आत. आता जेवक बरा वाटतला."